मधुकाकांनी केलेला माझा फोटो

मधुकाका गेल्याचं मला कळलं ते कोटावरून. सकाळी मुलीचा डबा भरता भरता फोन उघडला, तर अकोल्याच्या एका फ्लेक्सवाल्यानं स्टेटसला श्रद्धांजलीचं चित्र लावलेलं होतं आणि त्यातल्या माणसाच्या अंगात तो कोट होता... करडा, डावीकडची कॉलर जरा उचललेली, खिशातून पांढऱ्या रुमालाचं टोक बाहेर. मी आधी कोट ओळखला. मग मान कॉलरीत नीट बसली नाही हे दिसलं. चेहरा सगळ्यांत शेवटी पाहिला. या धंद्यात इतकी वर्षं काढली की माणसाचं असंच होतं, घरचं माणूस गेलं तरी नजर आधी कडा तपासते. डबा भरून झाला, मुलगी शाळेत गेली, आणि मग मी ओट्यापाशी खाली बसले.

काकांनी जन्मात कधी कोट घातला नव्हता. तो कोट वरुडच्या एका संत्रा व्यापाऱ्याच्या मुलाचा, त्याच्या रिसेप्शनचे फोटो काकांनी काढले होते. मुलगा गळ्यापासून वर कापून टाकला आणि उरलेला कोट संगणकात वेगळा ठेवून दिला. अकोल्यात काकांचा फोटो स्टुडिओ होता, आणि कापसाची ती वाईट वर्षं चालू होती. लग्नांचे अल्बम कमी झाले, कोटाचं काम वाढलं. नवऱ्यानं जीव दिलेल्या बाया यायच्या, पदराच्या गाठीतून नखाएवढा फोटो काढायच्या, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाचा ग्रुप फोटो आणायच्या आणि मागच्या रांगेतल्या अर्ध्या चेहऱ्यावर बोट ठेवायच्या. एक प्रत तहसीलच्या मदतीच्या फाइलीला, एक भिंतीला. काका तो चेहरा सोलून काढायचे आणि कोटावर बसवायचे. बंडीशिवाय ज्यानं काही घातलं नाही तो माणूस कोट-टाय लावून घरी जायचा. "सारे एका दिवशी भितीवरून खाली उतरले नं," काका तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत म्हणायचे, "तं कोटासाठी डोकी फोडतीन एकमेकाईची." त्या बाया समोर बसलेल्या असतानाही म्हणायचे. त्यांची जीभ अशी होती. मी हसायचे, हेही लिहून टाकते.

मी हिवरखेडची. वडिलांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, काकाही. दादा थोरले, त्यांनीच काकांना शिकवलं, त्यांचं लग्न लावलं, स्टुडिओची जागाही दादांच्याच नावावर. दादांचा आवाज चढला की काकांचा खर्रा तोंडातच राहायचा. मी सतराव्या वर्षी कॉलेजसाठी अकोल्याला आले ती काका-काकूंकडे राहायला, आणि कॉलेजपेक्षा स्टुडिओतच जास्त बसले. जे काही मला येतं, ज्यावर आज माझं घर चालतं, ते सगळं त्या माणसानं शिकवलं. प्रेमानं नाही. "डोये हायेत का बोंडं?" हे त्यांचं दिवसातून दहादा व्हायचं. पण शिकवायचे असं, की विसरणं शक्य नव्हतं. एका चित्रावर दुसरं चित्र ठेवलं की त्या दोन थरांनी एकमेकांशी कसं वागायचं हे आपण ठरवायचं असतं. काका सांगायचे, "नॉर्मल म्हंजे वरचा खालच्याले झाकून टाकते. मल्टिप्लाय म्हंजे दोघाईचा अंधार एक होते, सावली टाकाची तं ते. अन् स्क्रीन म्हंजे उलटं, अंधार उडून जाते, उजेड तेवढा राह्यते." अल्बममध्ये मेलेला आजोबा वरच्या कोपऱ्यात ढगांत दाखवायचा असायचा, त्याला स्क्रीन. आशीर्वाद देणारी जिवंत आत्या असेल तर नॉर्मल. स्टुडिओचा नियमच होता तो, "जित्ता मानूस नॉर्मल, मेला तं स्क्रीन." त्यात एक अडचण होती. स्क्रीनमध्ये काळं ते सगळं उडतं, आणि आमच्याकडची माणसं काही पांढरी नव्हेत. केस आभाळात विरायचे, मग गाल, मग डोळ्यांच्या जागी नुसते ढग. त्यामुळे प्रत्येक मेलेला माणूस आधी गोरा करावा लागायचा. काका ते इतकं बेमालूम करायचे की बाया फोटो हातात घेऊन म्हणायच्या, असेच दिसत होते हो ते.

दुसरा नियम उजेडाचा. अक्षरांना उठाव द्यायचा असो, हाराची सावली पाडायची असो, आधी चेहऱ्यावर उजेड कुठून आलाय ते पाहायचं आणि सगळ्या सावल्या त्याच बाजूनं पाडायच्या. संगणक आपल्या मनानं सगळ्या सावल्यांना डावीकडचा उजेड देतो. तो तसाच ठेवणाऱ्या पोरांना काका दुकानाबाहेर उभं करायचे. मलाही एकदा केलं होतं, भर बाजारात, तासभर.

वीस पूर्ण झाली तशी दादांनी स्थळं पाहायला घेतली. फोटो काकांनीच काढला. स्टुडिओच्या उजव्या हाताला खिडकी होती, तिच्यापाशी मला बसवलं, हनुवटी दोन बोटांनी फिरवली. मी सावळीही नाही, काळी आहे. काकांनी माझ्याच चेहऱ्याची दुसरी प्रत वर ठेवली, तिला स्क्रीन दिला, थोडी फिकी केली, आणि पडद्यावर एक गव्हाळ, नंतर गोरी, नंतर आणखी गोरी मुलगी आली. "घे," काका म्हणाले, "आता तुले कोनीबी करून घेईन." तो फोटो पाच घरी गेला. पाचही घरची माणसं आली, पोहे खाल्ले, आणि फोटोकडून माझ्याकडे अन् माझ्याकडून फोटोकडे बघत राहिली. परतवाड्याच्या एका बाईनं तर तो माझ्या गालाला लावून पाहिला, साडीवर ब्लाउजपीस लावून पाहतात तसा. काका तिथंच बसले होते. त्यांनी पोहे आणखी मागून घेतले.

सहावं स्थळ यायच्या आत मी प्रदीपशी लग्न केलं. प्रदीप अमरावतीचा, लग्नांच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचा, कामासाठी स्टुडिओत यायचा-जायचा. जात वेगळी. कोणती ते लिहीत नाही, वाचणाऱ्याच्या मनात जी पहिली आली तीच धरा. मी भर दुपारी स्टुडिओतून उठले, काकांना म्हटलं पाणी पिऊन येते, आणि एसटी स्टँडवर गेले.

अमरावतीत इक्बालभाईंच्या लॅबमध्ये मला लगेच काम मिळालं. इक्बालभाईंचा छपाईचा मोठा कारभार होता. आसपासच्या जिल्ह्यांतले छोटे स्टुडिओ आपापल्या फाइली डीव्हीडीवर घालून त्यांच्याकडे पाठवत, आम्ही तपासायचो, बारीकसारीक दुरुस्त करायचो, छापायचो. तपासायचं टेबल माझं. लग्नाला दोन महिने झाले असतील... अकोल्याच्या थैलीत काकांच्या स्टुडिओची डीव्हीडी आली. काकांचं अक्षर मी लांबून ओळखलं. तीन अल्बम आणि एक मोठा फोटो, भिंतीवरचा. मोठा फोटो आधी उघडला. खाली आभाळ, आभाळावर मी, माझ्यावर हार, आणि सगळ्यांत वर उठावाच्या सोनेरी अक्षरांत, "कै. कु. अर्चना". कुमारी.

दादांनी सांगितलं असणार, इले मारून टाक. त्यांनी भाऊकीत मी वारले असं सांगून टाकलं होतं आणि भिंतीवर फोटो लागल्याशिवाय ते पुरं होत नव्हतं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त हाराची सावली दिसली. माझा चेहरा उजव्या खिडकीच्या उजेडातला, आणि हाराची सावली पडली होती तीही उजवीकडेच, म्हणजे उजेड जिकडून येतोय तिकडेच. संगणकाची आपल्या मनाची सावली. काकांनी ती तशीच ठेवली होती! मला भयंकर राग आला. इतकी वर्षं दुसऱ्यांना उन्हात उभं करता आणि स्वतः हे पाठवता? मी सावली डावीकडे वळवली, जरा मऊ केली, शर्टाच्या... नव्हे, माझ्या ओढणीच्या घडीवरून ती कशी वाकेल ते पाहिलं, अक्षरांच्या उठावाचा उजेडही उजवीकडून घेतला. तेवढ्यात इक्बालभाई मागे येऊन उभे राहिले.

"अर्चना, ये तो तू हाय ना?"

"हो."

"हात नको लावू बेटा याले. मी वापस करतो. त्याले फोन लावतो मी, शरम नाही का म्हणून."

"झालंय माझं," मी म्हटलं. "मॅट छापा, ग्लॉसीवर हाराची फुलं चमकतात."

आणि छापलं. माझा मेल्याचा फोटो मी स्वतः दुरुस्त करून, पास करून, पुठ्ठ्यात बांधून पाठवला. दोन दिवसांनी मेथी निवडत होते तेव्हा हातातली जुडी तशीच राहिली आणि आपण काय केलं हे एकदम कळलं. त्या दिवशी मी इतकी रडले की प्रदीपला वाटलं, खरंच कुणी गेलं. तो भाबडा विचारत राहिला, कोण, कोण?

त्यात एक गोष्ट होती, तिच्यावर मी पुढची सहा-सात वर्षं काढली. त्या फाइलीत माझ्या थराला स्क्रीन नव्हता. नॉर्मल होता. पूर्ण भरीव, एक टक्काही पारदर्शक केलेला नाही. मेला तं स्क्रीन म्हणणाऱ्या माणसानं, दादा शेजारी उभे असताना, मला नॉर्मल ठेवलं होतं. दादांना त्यातलं काय कळणार? ते मला कळण्यासाठीच होतं, मी कुठं कामाला लागले हे काकांना ठाऊक असणार आणि म्हणूनच ती फाइल दुसऱ्या लॅबला न जाता माझ्या टेबलावर आली... असं मी धरलं. घरचं दार बंद झालं, आईचा आवाजही कानावर पडेना, मुलगी झाली तेव्हा कळवायला कुणी नव्हतं. तेव्हा तेव्हा मी स्वतःला सांगायचे की अकोल्यात एक माणूस आहे, त्याच्या हिशेबी मी जिवंत आहे. एक दिवस तो आईला सांगेल, आई एकदा तरी भेटेल. मला दुसरं काही नको होतं. आईनं एकदा माझ्याकडे बघावं, एवढंच.

मग एकदा काका स्वतःच लॅबमध्ये आले. त्यांच्या संगणकाची डिस्क बसली होती आणि जुन्या कामाच्या प्रती इक्बालभाईंकडे होत्या. मला पाहून ना दचकले ना लाजले. "लठ्ठ झाली वं तू," म्हणाले. मी चहा मागवला. खर्ऱ्यानं त्यांचं तोंड पुरतं उघडत नव्हतं, बशीतून चहा ओढावा लागत होता. मी इतकी वर्षं जे विचारायचं ठरवलं होतं ते विचारलं, की काका, मला नॉर्मल का ठेवलं होतं.

कोणता फोटो ते आधी आठवावं लागलं त्यांना. मग हसले. "हात् पोरी! तू तेच धरून बसली का? तो स्थळाचा फोटो नाई का, आधीच उजळलेला? त्याच्यावर स्क्रीन मारलं तं तुह्यं तोंडच उडून गेलं ढगात. पांढरी फटक. दादा म्हने, कोन हाय हे दिसाले पायजे. म्हनून नॉर्मल ठेवलं. दुसरं काय असन?"

"मग माझ्याकडं काऊन धाडलं?"

"सावली मले जमून नोती राह्यली. डोये गेले होते तवाच. म्हटलं, तिथं अर्ची हाय, करन नीट." बशी त्यांनी खाली ठेवली. "केलं नं तू. मस्त केलं होतं."

खोटं बोलत असतील असं मी आजही कधीकधी धरते, पण काका माणसांबद्दल खोटं बोलत, चित्राबद्दल नाही. निघता निघता त्यांनी आणखी एक सांगितलं, सहज, हवापाण्याचं सांगावं तसं. आई एकदा दादांना चोरून स्टुडिओत आली होती. म्हणत होती, भाऊजी, तो हार तेवढा काढून द्या, दुसरी प्रत द्या मले, पेटीत ठेवीन, कोनाले दाखवनार नाई. "म्या म्हटलं, वहिनी, दादानं पाह्यलं तं माहाच फोटो लावतीन भितीवर."

"हार वेगळ्या थरावर होता, काका. एक बटन दाबायचं होतं."

"माईत हाय मले."

"मला भेटवलं तरी असतं तिला. इथंच आणायचं, दोन घटका."

"मेलेल्या मानसाले भेटाले कोनी जाते का वं?" असं म्हणून त्यांनी प्रती उचलल्या आणि पायऱ्या उतरून गेले. मी त्या माणसाचा इतका द्वेष केला, की स्वप्नात त्यांच्या तोंडात माती कोंबायचे. आणि काम करताना मात्र, आजसुद्धा, उजेड कुठून येतोय ते त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्हींपैकी एकही मला पुसता येत नाही.

पुढं खर्ऱ्यानं त्यांचा जबडा खाल्ला. नागपूरला नेऊन अर्धा काढला. बोलणं गेलं, पाटीवर लिहायचे. इक्बालभाई भेटून आले, येताना एक कागद घेऊन आले, "अर्चीले ये म्हना". अक्षर तेच, त्या डीव्हीडीवरचं. मी तो कागद वाचला आणि इक्बालभाईंना म्हटलं, त्यांना सांगा, मेलेल्या लोकांना एसटीत बसू देत नाहीत. मोठ्या ऐटीत म्हटलं. ते पुन्हा गेले तेव्हा त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलंही, कारण मी सांगायला सांगितलं होतं. काका हसले म्हणे. जबडा नसलेला माणूस कसा हसला हे मी विचारलं नाही. त्यानंतर ते तीन महिने होते. मी अकोल्याच्या रस्त्यानं दोनदा गेले, लग्नाच्या कामाला, आणि दोन्ही वेळा उतरले नाही. मला याचं वाईट वाटतं का? वाटतं. उतरले असते का? नाही.

तेरवीच्या जेवणाला मात्र गेले. काकूंचा फोन आला होता, चोरून, मोरीतून बोलत असाव्यात असा आवाज घुमत होता. "ये तू. जाऊबाई येनार हायेत." तेवढं पुरे होतं. अकोल्याचं ते घर, बाहेर मांडव, मांडवात दादा खुर्चीवर. फार खंगले आहेत. त्यांची नजर रांगेनं सगळ्यांवरून फिरत आली, माझ्या शेजारच्या बाईवर थांबली, पुढं मला टाळून पलीकडच्या माणसावर गेली. मी आत शिरले. स्वयंपाकघराच्या दारात आई बसली होती, पत्रावळींचा गठ्ठा मांडीवर घेऊन, एकेक सुटी करत होती. केस पांढरे, हात मात्र तेच. काकूंनी मला कोपऱ्यात ओढलं आणि सांगितलं की दोन-तीन वर्षांपासून तिचं डोकं जागेवर नाही, माणसं विसरते, कोण आहे कोण गेलं लक्षात राहत नाही. "तुले फोटोतली तेवढी वयखते. रोज सकाळी उठून पुसते तो. कोनी हात लावलेला चालत नाई." मग माझा हात धरून तिच्यासमोर नेलं.

"जाऊबाई, पाहा बरं कोन आलं. अर्ची आली तुमची."

आईनं वर पाहिलं. अठरा वर्षांनी पाहिलं. नीट पाहिलं, कपाळ, डोळे, गाल, मान... तपासलं म्हणावं असं. मग काकूंवर चिडली.

"काहीबी सांगते वं तू. माही अर्ची तं गोरीपान होती. गेली ते पोरगी." आणि माझ्याकडे वळून, परक्या बाईशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणाली, "बस, बाई. जेवून जाय. उपाशी नोको जाऊ."

मी बसले. तिनं स्वतःच्या हातानं माझ्यासमोर पत्रावळ मांडली, भात वाढला, मधे वरण ओतलं. मग समोरच टेकून बसली आणि विचारलं, लेकरं किती. मी म्हटलं, एक मुलगी आहे, दहावीला. कोनावर गेली, तिनं विचारलं. मी म्हटलं, माझ्यावर, काळीच आहे. आईचा चेहरा कळवळला. ती माझ्या कानाशी वाकली. बाहेर मांडवात त्या कोटातल्या फोटोपुढं उदबत्त्या जळत होत्या, त्याचा तिला पत्ता नव्हता.

"मंग तिचा फोटो आमच्या मधूकून काढजो," ती म्हणाली. "इथं अकोल्यातच हाय त्याचं दुकान. लय उजळ करून देते तो. माह्यं नाव सांगजो त्याले."

मी बरं म्हटलं आणि भात कालवायला घेतला.